‘ओरिजिनल’ क्रॉसओव्हर नावाची भानगड

माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल.

दोनेक वर्षांपूर्वी पीएचडीच्या कामासाठी मी पुण्यातल्या एका निवृत्त ध्वनिमुद्रकांच्या मुलाखती घेत होते. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांमध्ये बसणारी माणसं ‘ऐकायला’ कशी शिकली, हा माझा विषय. पाच-सहा बैठका झाल्यावर काकांनी (आपण त्यांना काकाच म्हणू) माळ्यावरून स्पीकरची एक जोडी खाली काढली. खोकी सुताराकडून करून घेतलेली, आत एक वूफर आणि एक ट्वीटर, कुठल्याच कंपनीचा शिक्का नाही. “यांच्यावर ऐकूनच सगळी कामं केली बघ. घेऊन जा, तुला उपयोगी पडतील,” म्हणाले. घरी आणून लावली तर उजव्या बाजूचा ट्वीटर मुका.

मी ते खोकं उचललं आणि पासोड्या विठोबाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेलं. मिस्त्रींनी मागची फळी उघडली, आतली एक काळपट पट्टी वाकून पाहिली आणि निकाल दिला. “क्रॉसओव्हर जळलाय. यात जीव नाही. रेडिमेड टाकतो, अर्ध्या तासात होईल.” मी ‘टाका’ म्हणाले. संध्याकाळी दोन्ही खोकी शेजारी ठेवून एकच गाणं लावलं. उजवीकडचं आता वाजत होतं, पण डावीकडची गायिका आणि उजवीकडची गायिका या दोन वेगळ्या बायका वाटत होत्या.

जुनी पट्टी मी दुकानातच सोडून आले होते. म्हणजे ज्या साधनावर प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहू शकलं असतं, ते मी भंगारात टाकून, वर पैसे देऊन आले होते. हे कळायला मला रात्र जावी लागली. कसं कळलं ते सांगण्याआधी त्या पट्टीचं काम काय असतं ते पाहू. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इथे पळून जाऊ नये, गणित आठवीतलंच आहे.

वाटणी करणारं सर्किट

एकच पडदा खर्जही नीट वाजवेल आणि झांजही, असं सहसा होत नाही. म्हणून खालच्या स्वरांना मोठा वूफर आणि वरच्या स्वरांना छोटा ट्वीटर. या दोघांत आवाजाची वाटणी करतो तो क्रॉसओव्हर. कल्पना जुनी आहे. बोलपट आल्यावर मोठ्या चित्रपटगृहांसाठी एमजीएम स्टुडिओत ‘शिअरर हॉर्न’ नावाची दुपदरी योजना तयार झाली आणि तिला १९३६ या वर्षासाठी अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. तेव्हापासून आजपर्यंत मूळ सामग्री तीच आहे: कॉइल, कपॅसिटर (मिस्त्रींच्या भाषेत कंडेन्सर) आणि रेझिस्टन्स. कपॅसिटर खालचे स्वर अडवतो, कॉइल वरचे अडवते, रेझिस्टन्स जोर कमी करतो.

आता एक उदाहरण. ट्वीटर ८ ओहमचा आहे आणि वाटणी ३००० हर्ट्झला करायची आहे. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे ट्वीटरच्या वाटेत एक कपॅसिटर. त्याची किंमत १ भागिले (२ × पाय × ३००० × ८), म्हणजे साधारण ६.६ मायक्रोफॅरड. बाजारात ६.८ चा मिळतो, तो बसवतात. वूफरच्या वाटेत अशीच साधारण ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल. झालं?

नाही झालं. कारण ‘८ ओहम’ हा नुसता बोलायचा आकडा आहे. स्पीकरचा अडथळा प्रत्येक स्वराला वेगळा असतो, एखाद्या ठिकाणी तो तिप्पट-चौपटही होतो. शिवाय प्रत्येक वूफरचा आपला एक स्वभाव असतो, कुठे उठाव, कुठे खळगा. चांगला क्रॉसओव्हर हे सगळं मोजून त्या स्वभावावर बेतलेला असतो, शिंप्याने अंगावर कपडा बेतावा तसा. रेडिमेड क्रॉसओव्हर मात्र प्रत्यक्षात कुठेच नसलेल्या आदर्श ८ ओहमसाठी बनवलेला असतो. म्हणून माझी उजवी गायिका बदलली. मिस्त्रींचा यात काही दोष नाही. मी ‘वाजता करून द्या’ म्हणाले होते, त्यांनी वाजता करून दिला.

बिघडतं काय, तेही पाहून घ्या. कॉइल बहुतेक वेळा टिकते, ती नुसती तांब्याची तार आहे. रेझिस्टन्स जास्त जोर पडला की तापून काळा होतो, पण काळा दिसला म्हणजे मेलाच असं नाही. सोल्डरचे डाग सुटतात. आणि सगळ्यात आधी दम सोडतो तो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्याच्या आतला ओलावा वर्षानुवर्षं सुकत जातो, त्याची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. ६.८ चा ५.६ झाला तर आपल्या वरच्या हिशेबातली वाटणी सुमारे २९०० हर्ट्झवरून साडेतीन हजारांच्या वर सरकते. हे एका रात्रीत होत नाही. दहा-वीस वर्षं रोज ऐकणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याचा कानही त्याच्याबरोबर सरकत असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग दुरुस्त करायचं की बदलायचं? आणि दुरुस्त करायचं तर ‘मुळासारखं’ म्हणजे कशासारखं? त्या रात्री मी यावर वाचायला बसले आणि एका खोक्यापाशी येऊन अडकले. त्याचं मूळ कुठलं, यावर गेली कित्येक वर्षं जगभरचे हौशी लोक भांडत आहेत. सुदैवाने त्याचे कागदही उपलब्ध आहेत.

बीबीसीचं छोटं खोकं

बीबीसीचं संशोधन खातं तेव्हा इंग्लंडमधल्या सरे परगण्यात किंग्जवुड वॉरन नावाच्या एका जुन्या वाड्यात होतं. तिथे खोल्यांच्या ध्वनिगुणांचा अभ्यास लहान प्रतिकृती करून चालायचा, मूळ खोलीच्या एक अष्टमांश आकाराच्या. त्या प्रयोगांसाठी केलेलं एक छोटं खोकं अपेक्षेपेक्षा फारच चांगलं वाजतंय असं लक्षात आलं. त्याच सुमाराला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांना लहान आणि भरवशाचा स्पीकर हवा होता. गाडीत जागा नसते, आणि हेडफोनवर आवाजाचा तोल नीट ठरवता येत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एलएस३/५ तयार झाला. उंची जेमतेम एक फूट. आत केईएफ कंपनीचे दोन स्पीकर: बी११० हा वूफर आणि टी२७ हा ट्वीटर.

आता नीट वाचा. एलएस३/५ ची थोडीशीच खोकी तयार झाली होती, तेवढ्यात केईएफने आपल्या दोन्ही स्पीकरांमध्ये बदल केले. नाव तेच, आकार तोच, पण स्वभाव बदललेला. जुन्या क्रॉसओव्हरवर नवे स्पीकर बसेनात. अभियंत्यांना पुन्हा मोजमापं घेऊन नवा क्रॉसओव्हर आखावा लागला. त्याचा क्रमांक एफएल६/२३. आणि खोक्याच्या नावापुढे एक अक्षर वाढलं: एलएस३/५ए. आज जगात ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणून लोक हातात पांढरे मोजे घालून उचलतात, तो हाच.

म्हणजे ‘मूळ’ क्रॉसओव्हर हाच मुळी एक दुरुस्तीचा क्रॉसओव्हर आहे. स्पीकर बदलले म्हणून बदलावा लागलेला.

एफएल६/२३ मधली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. बी११० च्या मधल्या पट्ट्यात एक उठाव होता, तो दाबण्यासाठी त्यात घटक घातले होते. हे झालं सगळ्या बी११० चं. पण टी२७ ट्वीटर कारखान्यातून येताना एकसारखे येत नसत, कुणी थोडा जोरात, कुणी थोडा हळू. म्हणून क्रॉसओव्हरमध्ये एक छोटा ऑटो-ट्रान्सफॉर्मर होता, त्याला अनेक टॅप काढलेले. या खोक्यातल्या ट्वीटरला कुठला टॅप जोडायचा, ते मोजून ठरवायचं आणि तिथे वायर लावायची. सर्किटचा नकाशा सगळ्यांचा एकच, पण ही एक वायर कुठे लागली ते प्रत्येक खोक्याचं खासगी. उद्या तुम्ही एका एलएस३/५ए मधला जळलेला क्रॉसओव्हर काढून दुसऱ्यातला अस्सल एफएल६/२३ जसाच्या तसा त्यात बसवलात, तर भाग शंभर टक्के अस्सल असूनही खोकं कदाचित चुकीचं वाजेल.

बीबीसीने हे स्पीकर सगळे स्वतः बनवले नाहीत. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, नंतर स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांना परवाने दिले. परवान्याचा अर्थ असा की खोकं कोणीही बनवलं तरी ते बीबीसीच्या संदर्भ-खोक्याशी जुळलं पाहिजे. (हार्बेथ ही कंपनी १९७७ मध्ये काढली ती किंग्जवुड वॉरनमध्ये हेच काम केलेल्या डडली हारवुड यांनीच.) नियंत्रणात काय होतं? भाग नव्हे, जुळणं.

मग १९८० च्या दशकात पुन्हा तोच खेळ. बी११० चं उत्पादन हळूहळू मूळ मापांपासून सरकत गेलं होतं. टॅप बदलून भागेना. १९८७-८८ च्या सुमारास सुधारित बी११० आला आणि त्याच्यासाठी क्रॉसओव्हर पुन्हा नव्याने आखला: एफएल६/३८. जुन्या खोक्याचा अडथळा १५ ओहमचा सांगितला जाई, नव्याचा ११. नाव या वेळी बदललं नाही. म्हणून आज बाजारात ‘पंधरा ओहमवाला’ आणि ‘अकरा ओहमवाला’ अशा दोन जाती आहेत, आणि पंधरावाल्यांची ऐट जास्त. अकरावाल्यांचं म्हणणं, आमचा तर मूळ आवाजाच्या अधिक जवळ, तुमचा म्हातारपणी सरकलेला. दोघंही ‘मूळ’ हाच शब्द वापरतात, आणि मला वाटतं दोघंही वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस केईएफने हे स्पीकर बनवणं थांबवलं. आता काय करणार? इथे दोन रस्ते फुटले आणि संशोधक म्हणून मला ते फार आवडतात. स्टर्लिंग ब्रॉडकास्ट या कंपनीने आजचे, वेगळ्या बनावटीचे वूफर आणि ट्वीटर घेतले आणि आवाज जुन्यासारखा यावा म्हणून पूर्ण नवा क्रॉसओव्हर आखून घेतला. तो आखला डेरेक ह्यूज यांनी. त्यांचे वडील स्पेन्सर ह्यूज बीबीसीच्या त्याच खात्यात होते आणि पुढे त्यांनी स्पेंडॉर काढली. म्हणजे यात एकही भाग जुना नाही, जपायचं ते फक्त नातं. फाल्कन अकूस्टिक्सने याच्या उलटं केलं. तिथे माल्कम जोन्स होते, म्हणजे केईएफमध्ये असताना ज्यांनी बी११० आणि टी२७ आखले होते तेच. त्यांनी तेच स्पीकर पुन्हा घडवले आणि २०१४ मध्ये त्यांच्यावर १९७० च्या दशकातला पंधरा ओहमचा क्रॉसओव्हर बसवून खोकं बाजारात आणलं.

तुम्ही कुणाला अधिक ‘अस्सल’ म्हणाल? मी मैत्रिणींना विचारलं तेव्हा सगळ्यांनी झटकन फाल्कन म्हटलं. मग मी विचारलं, १९७४ मध्ये बीबीसीने स्वतः कुठला रस्ता घेतला होता? केईएफला ‘तुमचे जुने स्पीकर परत बनवा’ असा हट्ट धरला, की क्रॉसओव्हर बदलला?

कागद काय सांगतो, पट्टी काय सांगते

थोडं पद्धतीबद्दल. तुमच्यातल्या अनेकांचं सिनॉप्सिस लिहिणं चालू असेल, म्हणून.

एलएस३/५ए वरचा मुख्य कागद म्हणजे बीबीसी संशोधन खात्याचा १९७६ चा २९ वा अहवाल. लेखक हारवुड, व्हॉटन आणि मिल्स. हा अहवाल बीबीसीच्या संशोधन विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. लंडनला जायचं नाही, कुणाला पत्र लिहायचं नाही. आपल्यासारख्यांना अशी साधनं किती क्वचित मिळतात ते मी वेगळं सांगायला नको, त्यामुळे हा वाचाच. फक्त तो काय आहे हे समजून वाचा. तो आखणाऱ्यांनी आखणी झाल्यावर लिहिला आहे. साहजिकच त्यात सगळं सरळ रेषेत घडल्यासारखं वाटतं. १९७६ मध्ये लिहिलेला कागद १९८७ मध्ये काय सरकलं ते सांगू शकत नाही. आणि अमुक एका खोक्यात वायर कुठल्या टॅपला लावली, हे कुठल्याच नकाशात नसतं. ते त्या पट्टीवरच वाचायला लागतं.

पट्टी वाचायची कशी? खूप कपॅसिटरांवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. ७८३४ असेल तर अनेकदा त्याचा अर्थ १९७८ सालचा ३४ वा आठवडा. याने तुम्हाला एक सीमा मिळते: ही पट्टी आज आहे त्या रूपात त्या आठवड्याच्या आधीची असू शकत नाही. नंतरची किती, ते मात्र कळत नाही. कपॅसिटर दुकानाच्या फडताळात चार वर्षं पडून राहिलेला असू शकतो. आणि पाच भागांवर ७८ आणि एकावर ८५ असेल, तर तुम्हाला दुरुस्ती सापडली. नाण्यांच्या ढिगातलं सगळ्यात नवं नाणं पाहून ढीग कधी पुरला ते ठरवतात, तसंच हे. डाग कसे आहेत तेही बघा. कारखान्याचे डाग एकसारखे, चकचकीत. हाताचे डाग जाड, आजूबाजूला राळेचा पिवळा ओघळ. ज्याने डाग लावला तो घाईत होता की निवांत, इतकंसुद्धा कधीकधी कळतं. (हे मी प्रबंधात लिहिणार नाही, पण तुम्हाला सांगते.)

आता कळलं ना, मी दुकानात काय सोडून आले होते?

भंगाराचा डबा

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी तिथे हजर होते. मिस्त्रींकडे पत्र्याचा एक मोठा डबा आहे, काढलेलं सगळं त्यात पडतं आणि आठवड्याला भंगारवाला नेतो. तो यायचा होता. डबा पालथा केला आणि माझी पट्टी सापडली. मिस्त्रींना वाटलं बाईंना तांबं हवंय.

घरी आणून नीट पाहिली. काळा पडलेला रेझिस्टन्स मल्टिमीटरवर धडधाकट निघाला. मेला होता तो कपॅसिटर, एक पाय आतून सुटलेला. छापील किंमत ६.८ मायक्रोफॅरड. आणि ट्वीटरच्या वाटेत पांढऱ्या चिनी मातीचा एक रेझिस्टन्स, हाताने लावलेला, जाड डागांचा. त्याच्या शेजारी लाकडी पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं: ‘उ. दीड’. डावं खोकं उघडलं. तिथे तो रेझिस्टन्स नव्हता.

माझ्या मुलाखतीच्या टिपणात काकांचं एक वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं. स्पीकरमध्ये आपण कधी हात घातला नाही, जसा आला तसा वापरायचा, कान त्याला सरावतो. या वाक्यावर मी जवळजवळ एक उपप्रकरण लिहून ठेवलं होतं. आणि इथे त्यांच्याच अक्षरात ‘दीड’.

‘उ.’ म्हणजे उजवा, हे उघड होतं. पण दीड काय? डेसिबल की ओहम? मी हिशेब केला. ८ ओहमच्या ट्वीटरच्या वाटेत दीड ओहमचा रेझिस्टन्स टाकला की आवाज जवळजवळ नेमका दीड डेसिबलने कमी होतो. दोन्ही उत्तरं बरोबर! मला वाटलं, काय बारकाईचा माणूस. फोन केला. ते हसायलाच लागले. “ओहम गं. डेसिबल मोजायला माझ्याकडे होतं काय? दुकानात दीडचा मिळाला, तो लावला. बरा वाटला.” मग कळलं की उजवा ट्वीटर एकदा गेला होता, बदलला, आणि नवा आला तो जरा टोचरा. बातम्या वाचणाऱ्या पुरुषाचा आवाज लावून, दोन्हीकडे तो एकसारखा येईपर्यंत त्यांनी रेझिस्टन्स बदलून पाहिले.

मी जरा चाचरतच म्हटलं, “पण काका, तुम्ही तर म्हणाला होतात की कधी हात घातला नाही.”

“मग? घातलाच नाही. हे हात घालणं थोडीच आहे? हे सारखं करणं आहे.”

मला वाटतं माझ्या सगळ्या मुलाखतींमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे, आणि ते मला प्रश्न विचारून मिळालं नाही, पट्टीमुळे मिळालं. काका खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी स्पीकर ‘बदलणं’ म्हणजे त्याचा आवाज आपल्या आवडीचा करणं. दोन बाजू जुळवणं हे बदलणं नाहीच, ते तर रोजचं काम, झाडलोटीसारखं, मुलाखतीत सांगण्यासारखं त्यात काय? किंग्जवुड वॉरनच्या पद्धतीत टॅपला वायर लावणाऱ्याला कोणी विचारलं असतं, तर तोही ‘मी आराखड्यात काही बदल केला नाही’ असंच म्हणाला असता, आणि तेही खरं. मुलाखत आणि वस्तू यांच्यात विसंगती दिसली की आपण लगेच माणसाला विसरभोळा ठरवतो. आधी शब्दाचा अर्थ तपासा.

कुठल्या दिवसासारखं?

आता दुरुस्ती. इथे मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

उजव्याला नवा ६.८ चा कपॅसिटर हवा, इथपर्यंत सोपं. पण डावीकडचा जुना कपॅसिटर मोजला तर तो ५.६ वर आलेला. उजवीकडे नवा ६.८ आणि डावीकडे थकलेला ५.६ ठेवला तर जोडी पुन्हा फुटणार. मग दोन्हीकडे ५.६ बसवायचे? शेवटची कित्येक वर्षं काकांनी ऐकला तो आवाज साधारण हाच असणार, कारण त्यांचा कान त्याच्याबरोबर सरकत आला होता. की दोन्हीकडे ६.८? तो आखणीचा आवाज, पण काकांनी तो शेवटचा कधी ऐकला कोण जाणे. आणि ‘दीड’ लावला त्या दिवशी कपॅसिटरची तब्येत काय होती? तो नेमका आकडा आज कुठून आणणार?

गल्लोगल्ली मिळणारा सल्ला असा की इलेक्ट्रोलायटिक काढा आणि महागडे फिल्म कपॅसिटर टाका, ते सुकत नाहीत. खरं आहे. पण त्यांचा अंतर्गत रोध फारच कमी असतो. तुमचा स्पीकर जुन्या रोधासकट जुळवलेला असेल तर ट्वीटर किंचित मोठ्याने बोलायला लागतो आणि लोक त्यालाच ‘आवाज मोकळा झाला’ म्हणतात. गाणी ऐकायची असतील तर खुशाल टाका. मला काकांचा ‘दीड’ सांभाळायचा होता, म्हणून मी इलेक्ट्रोलायटिकच घेतले, नॉन-पोलर, तेही चार-पाच मोजून त्यातले जवळात जवळचे दोन. दोन्ही बाजूंना ६.८. माझं कारण असं: काकांनी उजवा जुळवला तेव्हा कपॅसिटर आजच्या इतके म्हातारे नक्कीच नव्हते, त्यामुळे ‘दीड’ हा आकडा ५.६ पेक्षा ६.८ च्या जवळच्या जगातला आहे. हे अनुमान आहे, आणि मी ते अनुमान म्हणूनच लिहून ठेवलं आहे. रेझिस्टन्सला हात लावला नाही. त्याचे डागही नवे केले नाहीत.

काढलेले दोन्ही कपॅसिटर पाकिटात घातले, वर तारीख, कुठल्या बाजूचा, कुठल्या पायाला कुठली वायर होती आणि मीटरवर काय दिसलं ते लिहिलं. उघडण्याआधीचे फोटो माझ्याकडे नाहीत, कारण तेव्हा मी दुकानात ‘टाका’ म्हणत उभी होते. ती जागा आता कायमची रिकामी. तुमच्या हातात अशी वस्तू आली तर फळी उघडल्या उघडल्या, एकही स्क्रू पुढे न फिरवता, फोटो काढा. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे, आणि अक्षर असेल तर उजेड तिरका टाकून, पेन्सिल एरवी दिसत नाही. कपॅसिटर मोजायचा तर त्याचा निदान एक पाय सोडवूनच मोजा, सर्किटमध्ये असताना मीटर शेजारच्यांचीही मोजदाद करतो. रेडिमेड क्रॉसओव्हर टाकावाच लागला तरी जुना घरी घेऊन या. मिस्त्रींना वेडेपणा वाटेल, वाटू द्या.

मिस्त्रींनी घातलेला रेडिमेड क्रॉसओव्हरही मी जपून ठेवला आहे, कारण आता तोही या जोडीच्या इतिहासात आला.

जोडी परत केली त्या दिवशी काकांनी बातम्याच लावल्या. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “उजवी अजून जरा टोचते.” मी विचारलं, पूर्वीइतकीच की जास्त? “ते आता कसं सांगू?” म्हणाले.

प्रबंधात या जोडीचे सहा फोटो, मोजमापांचा एक तक्ता आणि ‘उ. दीड’ यावर चार पानं जाणार आहेत. गाइडनी मसुदा वाचून समासात लिहिलंय: इतिहासाच्या प्रबंधात कपॅसिटरच्या किमती कशाला? प्रगती अहवालाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. काका म्हणाले आहेत, हवं तर जोडी घेऊन येतो.